घरातला मार आणि कोर्टाचा संरक्षण आदेश : कोकणातल्या बायका विचारतात ते प्रश्न

"गणपती होऊन जाऊ देत, मग बघू." हे वाक्य मी दर श्रावणात ऐकते. गणपती जातात. मग शिमगा होऊ दे, मग आंब्याचा सीझन संपू दे, मग पोराची दहावी होऊ दे. अशी पाच-सात वर्षं निघून गेलेल्या बायका माझ्यासमोर बसल्या आहेत. मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टात बायकांच्या सोबतीला जाते, कागद लावून देते, तारखेला बाकावर शेजारी बसते. तिथे आणि एसटीच्या प्रवासात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, तेच खाली लिहिले आहेत.

आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर पुढचं वाचू नका. आधी घराबाहेर पडा आणि ११२ वर फोन लावा. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे, ती दिवसरात्र चालू असते. आणि तुमचा मोबाइल नवरा तपासत असेल, तर हे वाचून झाल्यावर ब्राउझरची हिस्ट्री पुसून टाका.

संरक्षण आदेश म्हणजे नेमकं काय?

घरात तुम्हाला त्रास देणाऱ्या माणसाला कोर्टाने लेखी बजावलेली मनाई. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला 'डीव्ही' म्हणतात. त्याच्या कलम १८ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी सांगू शकतात की, हिला मारायचं नाही, दुसऱ्या कोणाकरवी त्रास द्यायचा नाही, ही काम करते तिथे किंवा मुलं शिकतात त्या शाळेत जायचं नाही, फोन करायचे नाहीत, मेसेज पाठवायचे नाहीत, हिच्या माहेरच्या माणसांना धमकवायचं नाही. दोघांच्या नावचं बँक खातं किंवा लॉकर परस्पर रिकामा करण्यालाही मनाई करता येते.

त्याच अर्जात आणखीही मागता येतं: राहत्या घरात राहू देण्याचा आदेश (कलम १९), खर्चाचे पैसे (कलम २०), मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) आणि नुकसानभरपाई (कलम २२). यातलं काय काय हवं ते अर्ज लिहितानाच ठरवा. नुसती मनाई मागितली आणि खर्चाचं लिहायचं राहिलं, तर पुढे दुरुस्तीचा अर्ज करण्यात तारखा जातात.

म्हणजे नवऱ्यावर गुन्हा दाखल होणार? तो आत जाणार?

नाही. जवळपास प्रत्येक बाई हा प्रश्न आवाज खाली करून विचारते, म्हणून नीट सांगते. हा अर्ज म्हणजे एफआयआर नाही. त्यात अटक नाही, 'आरोपी' हा शब्दही नाही. समोरच्याला 'सामनेवाला' म्हणतात. कोर्ट फौजदारी असलं तरी तुम्ही मागता ती दाद दिवाणी स्वरूपाची आहे. तुमच्या अर्जाने त्याची नोकरी जात नाही, पासपोर्ट जप्त होत नाही. कोर्टाने दिलेला आदेश त्याने मोडला, तरच पुढचा गुन्हा होतो.

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा वेगळा आहे. पूर्वी त्याला ४९८-अ म्हणत. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. दोन्ही एकाच वेळी करता येतात आणि नुसता डीव्हीचा अर्जही करता येतो. निवड तुमची आहे. "आधी गुन्हा दाखल करा, मग कोर्टात जा" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

हात उचलत नाही. पण रात्रभर घालून पाडून बोलतो, पैसे देत नाही. याला हिंसा म्हणतात का?

म्हणतात. कायद्यात चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आणि आर्थिक. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगीच झाली म्हणून टोमणे मारणं हे तर कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. "तुझ्या भावाला बघून घेतो" अशी वारंवार दिलेली धमकी त्यात येते. घरात किराणा न भरणं, तुमचे दागिने गहाण टाकणं, काजूच्या कारखान्यातली तुमची मजुरी काढून घेणं, घराला कुलूप लावून तुम्हाला पडवीत ठेवणं, हेही येतं. इच्छेविरुद्धचा शरीरसंबंध लैंगिक हिंसेत मोडतो. हे बायका सर्वांत शेवटी सांगतात, बरेचदा निघताना दारात उभ्या राहून. सांगा. अर्जात ते योग्य शब्दांत लिहिता येतं, आणि सुनावणी बंद दालनात घ्यावी अशी विनंती कलम १६ खाली करता येते.

लग्न झालेलं नाही, किंवा त्रास देणारा नवरा नाही, भाऊ किंवा मुलगा आहे. तरी चालेल?

चालेल. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा वहिनी दिराविरुद्ध, दत्तक मुलगी, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली बाई, या सगळ्या अर्ज करू शकतात. एका घरात एकत्र राहणं झालेलं असावं, आज राहत असलंच पाहिजे असं नाही. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो. सामनेवाला 'सज्ञान पुरुष'च असला पाहिजे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली.

इथे एक आग्रहाची विनंती आहे. संतापाच्या भरात सगळ्या भावकीची नावं घालू नका. मुंबईत राहणारी आतेनणंद दोन वर्षांतून एकदा येत असेल, तर तिचं नाव घालून तुमचाच अर्ज पातळ होतो. ज्याने जे केलं, त्याचंच नाव आणि तेवढंच.

साठी ओलांडलेल्या आईला मुलगा त्रास देत असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करण्याचा दुसरा रस्ताही आहे. कधी कधी तो जास्त सोपा पडतो.

सुरुवात कुठून करायची? पोलीस, कोर्ट की संरक्षण अधिकारी?

तिन्ही दारं उघडी आहेत. मी सहसा संरक्षण अधिकाऱ्यापासून सुरुवात करायला सांगते. हा सरकारने नेमलेला अधिकारी असतो आणि महाराष्ट्रात तो महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत काम करतो. त्याचं कार्यालय कुठे बसतं ते वाडीतल्या अंगणवाडी सेविकेला विचारा, तिला बहुतेक माहीत असतं. हा अधिकारी तुमचं ऐकून घटनेचा अहवाल तयार करतो. त्याला 'डीआयआर' म्हणतात. अर्ज लिहायला मदत करणं, वकील मिळवून देणं, दवाखान्यात किंवा निवारागृहात पोचवणं हे त्याचं कामच आहे. उपकार नव्हेत.

संरक्षण अधिकारी जागेवर नसला, रजेवर असला, दोन तालुक्यांचा कारभार एकट्याकडे असला, तर थांबून राहू नका. वकिलामार्फत किंवा स्वतः थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करता येतो. डीआयआर नाही म्हणून अर्ज अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पोलीस ठाण्यात गेलात तर या कायद्याची, संरक्षण अधिकाऱ्याची आणि मोफत वकिलाची माहिती तुम्हाला देणं हे पोलिसांवर कलम ५ ने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद) लिहून घेतात आणि "घरी जा, समजुतीने घ्या" म्हणून परत पाठवतात. एका ठाण्यात आम्ही दुपारी बारा ते संध्याकाळी पाच बाकावर बसून होतो. त्या पोरीचा ओठ फाटलेला होता, शेवटची एसटी साडेपाचची होती, आणि हातात एनसी पडली ती पाचला पाच मिनिटं असताना. तरीही सांगते, ती एनसी घ्या आणि तिची प्रत जपून ठेवा. तारीख-वार पडलेला सरकारी कागद पुढे कोर्टात बोलतो. जखम मोठी असेल, हत्यार वापरलं असेल, तर एनसीवर गप्प बसू नका, एफआयआर मागा. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी तक्रार घ्यावी लागते.

घोव मुंबयत असता, मी हंय गावात. केस खंय घालूची?

गावातच. कलम २७ याच अडचणीसाठी आहे. तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता, जिथे काम करता, सामनेवाला जिथे राहतो, किंवा जिथे घटना घडली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या कोर्टात अर्ज चालतो. मार बसला विरारच्या खोलीत आणि तुम्ही आता वेंगुर्ल्याला माहेरी आहात, तर वेंगुर्ल्याच्या कोर्टात अर्ज घाला. तारखेला यायचं ते त्याने यावं.

चाकरमानी घरांत हे फार उपयोगाचं आहे. नवऱ्याकडचे लोक हमखास सांगतात की "केस मुंबईतच चालणार, तिथला वकील तुला परवडणार आहे का?" ऐकून घ्या आणि तालुक्याला जा.

माझ्याकडे पुरावा काहीच नाही.

असं म्हणणाऱ्या बाईकडे बहुतेक वेळा पुष्कळ असतं, तिला ते पुरावा वाटत नाही इतकंच. तुमचं स्वतःचं शपथेवरचं म्हणणं हाही पुरावा आहे. चार भिंतींच्या आत साक्षीदार कुठून येणार, हे कोर्टालाही कळतं.

तरीही जमवता येईल ते जमवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात गेलात तर डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. "विहिरीवर पाय घसरला", "खळ्यात पडले" असं किती केसपेपरांवर आहे! सोबत सासू उभी असते, म्हणून तसं सांगितलं जातं. तिला बाहेर थांबायला सांगा, डॉक्टर ते करू शकतात. जखमेचे फोटो काढून बहिणीच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. शिव्यांचे व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हॉइस नोट पुसू नका. मोबाइलमधला मजकूर कोर्टात दाखल करताना त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात. सोनाराची पावती, लग्नाच्या अल्बममधले दागिन्यांचे फोटो आणि पासबुकही काढून ठेवा.

आणि एक वही करा. त्यात दिवस आणि घडलेलं लिहा. तारीख आठवत नसेल तर "नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री", "बोट धक्क्याला लागली त्या दिवशी" असं लिहा. आमच्याकडे काळ असाच मोजतात, तारीख मागाहून पंचांगावरून काढता येते. ही वही घरात ठेवू नका.

घर आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. "तुझा काय संबंध?" म्हणून मला बाहेर काढलं. आता?

कोकणात हा प्रश्न घरोघरचा आहे. असेसमेंटच्या (घरपट्टीच्या) उताऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव, सातबारावर चौदा वारसदार, त्यातले नऊ मुंबईत, आणि राबणारी सून मात्र कुठल्याच कागदावर नाही. ती पंचवीस वर्षं त्या घराचं अंगण सारवते, पावसाआधी कौलं चाळून घेते, आणि भांडण झालं की तिला "परकी" म्हणतात.

कायद्याची भाषा वेगळी आहे. ज्या घरात तुम्ही कौटुंबिक नात्याने राहिलात ते तुमचं 'सामायिक घर', मग मालकी कोणाचीही असो. कलम १७ म्हणतं, तिथे राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. २००६ मधल्या एका निकालामुळे बरीच वर्षं असा अर्थ लावला जात होता की घर नवऱ्याचं किंवा एकत्र कुटुंबाचं असेल तरच हा हक्क. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवला. सासऱ्यांच्या किंवा दुसऱ्या नातेवाइकाच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं, तुमचं तिथलं राहणं मात्र पाहुण्यासारखं चार दिवसांचं नसावं.

कोर्ट तुम्हाला बाहेर न काढण्याचा, बाहेर काढलं असेल तर परत आत घेण्याचा, घर विकायला किंवा गहाण टाकायला मनाई करण्याचा आदेश देऊ शकतं. माजघर आणि एक खोली तुमच्यासाठी राखून तिथे इतरांनी यायचं नाही, असंही सांगू शकतं. त्याच घरात राहणं जिवावर बेतणारं असेल, तर वेगळी जागा किंवा तिचं भाडं देण्याचा आदेश मागा. आदेश अमलात आणायला स्थानिक पोलिसांनी मदत करावी, हेही त्यात लिहून घेता येतं. लिहून घ्याच.

हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. वाटणीचा दावा वेगळा असतो. सासू-सासरे म्हातारे असतील तर कोर्ट त्यांच्याही गरजा बघतं. पण सुनेला हुसकावण्यासाठी कोणी ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन प्रांतांकडे गेलं, तर तेवढ्यावरून तुमचा राहण्याचा हक्क संपत नाही. हेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे.

सासूला घराबाहेर काढायचा आदेश मिळतो का?

नाही. घर सोडून जाण्याचा आदेश कोणत्याही बाईविरुद्ध देता येत नाही. तुमच्या अंगावर न येण्याची आणि त्रास न देण्याची मनाई मात्र तिलाही करता येते.

किती दिवस लागतात?

कायद्यात लिहिलंय की अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख पडावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. मी पाहिलेली प्रकरणं यापेक्षा खूप लांबली आहेत. नोटीस लागत नाही, वकील बदलतात, कोर्टाला मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी लागते. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच पहिल्या दिवशीच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज जोडा. धोका खरोखर निकडीचा आहे असं तुमच्या शपथपत्रावरून दिसलं, तर समोरच्याचं ऐकण्याआधीच, एकतर्फी, आदेश देता येतो. शपथपत्रात गेल्या महिन्या-दीड महिन्यातल्या घटना ठळकपणे लिहा. अठरा वर्षांची कहाणी मुख्य अर्जात येऊ द्या. अंतरिम अर्ज वाचणाऱ्या न्यायाधीशांना हे कळलं पाहिजे की आज रात्री ही बाई त्या घरात गेली तर काय होईल.

खर्च किती? आणि मला पैसे मिळतील का?

स्त्रियांना अशा अर्जांसाठी महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. वकील मोफत मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, स्त्री असणं पुरे. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. झेरॉक्स, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज, एवढं मात्र अंगावर पडतं. स्वयंसहाय्यता गटातल्या बायकांनी आपापसात वर्गणी काढून एकीच्या तारखांचं भाडं भरलेलं मी पाहिलं आहे.

खर्चाच्या रकमेसाठी दोन्ही बाजूंना आपल्या मिळकतीचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज जितका लवकर कराल तितकं बरं. गणपतीपर्यंत थांबलेल्या बाईचे ते महिने गेलेच.

नवरा मुंबईत कंपनीत असेल तर कलम २०(६) लक्षात ठेवा. कोर्ट थेट त्याच्या मालकाला सांगू शकतं की पगारातून इतकी रक्कम हिला द्या किंवा कोर्टात भरा. खलाशी आणि तांडेल (बोटीचा म्होरक्या) यांचं गणित अवघड असतं. वाटा रोखीत मिळतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ते दोन महिने तो "माझं उत्पन्न शून्य" म्हणून सांगतो. वर्षभराचा हिशोब मांडा: बोट कोणाची, किती फेऱ्या, सीझनला घरात काय आलं, गाडी कधी घेतली. बंदीच्या काळात घरात पैसा नसतो आणि माणूस दिवसभर घरात असतो. माझ्याकडे येणाऱ्या दर्यावर्दी वाड्यांतल्या बायका याच दिवसांबद्दल सर्वांत जास्त बोलतात.

रक्कम मंजूर होऊनही तो भरत नसेल तर वसुलीचा अर्ज लगेच करा. थकबाकीचा डोंगर होऊ देऊ नका.

मुलं त्याच्याकडे अडकली आहेत.

तात्पुरता ताबा याच अर्जात मागा. बापाला भेटू द्यावं की नाही, कुठे आणि कसं, हे कोर्ट ठरवतं, आणि मुलांना धोका असेल तर भेट नाकारूही शकतं. कायमच्या ताब्याचा दावा निराळा.

गावकीने बैठक लावली आहे. "कोर्टात गेलीस तर वाळीत टाकू" म्हणतात.

बैठकीला जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. गावकीला तुमचं प्रकरण मिटवण्याचा किंवा तुम्हाला कोर्टात जाण्यापासून रोखण्याचा कुठलाही अधिकार नाही. गेलातच तर माहेरचं माणूस सोबत न्या आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा करू नका. बैठकीतले "समजुतीचे" कागद पुढे कोर्टात आपल्याच विरुद्ध निघालेले मी पाहिले आहेत.

आणि वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विहिरीवर येऊ नको, पालखी तुझ्या दारात येणार नाही, दुकानातून सामान मिळणार नाही, असं कोणी बजावलं तर ते शब्द वहीत लिहा, बोलणाऱ्याच्या नावासकट. ही धमकी किती खोल जाते ते मला माहीत आहे. शिमग्याला पालखी दारावरून पुढे गेली, या दुःखाला कायद्याकडे उतारा नाही. पण त्या भीतीपोटी परत मार खायला गेलेल्या एका पोरीला मी नंतर रुग्णालयात बघितलं आहे, म्हणून एवढं जोर लावून लिहिते आहे.

कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं. जावंच लागतं?

कोर्टाने सांगितलं असेल तर जा, पुढची तारीख दोन महिन्यांच्या आतली असते. पण समुपदेशन म्हणजे नांदायला परत जाण्याची सक्ती नव्हे. त्याच्यासोबत एका खोलीत बसायची भीती वाटते, हे आधीच सांगा. वेगवेगळं बोलून घेता येतं.

आदेश झाला आणि त्याने परत मारलं तर?

आता मात्र गुन्हा झाला. कलम ३१ : एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही; अंतरिम आदेश मोडला तरीही. आदेश दाखवल्यावर पोलिसांनी एनसी लिहून भागत नाही. तुमच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट दोषी ठरवू शकतं. संरक्षण अधिकाऱ्यालाही लेखी कळवा.

नवरा जहाजावर किंवा आखातात आहे.

अर्ज अडत नाही. घरात त्रास देणारे सासरचे लोक सामनेवाले होऊ शकतात, राहण्याचा आणि मनाईचा आदेश त्यांच्याविरुद्ध लगेच मागता येतो. त्याला नोटीस पोचायला वेळ लागेल. त्याचा तिकडचा पत्ता, कंपनीचं नाव, ईमेल, व्हॉट्सॲप नंबर जे असेल ते अर्जात द्या.

आम्ही मुसलमान आहोत. हा कायदा आम्हाला लागतो?

लागतो. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, सगळ्यांना सारखा. तलाक झालेला असला तरी त्याआधीच्या हिंसाचारासाठी अर्ज करता येतो.

निकाल पटला नाही तर?

तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील. त्यापुढे उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या प्रकरणांसाठी ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बसतं, मुंबईला जावं लागत नाही. रायगडकरांना मात्र मुंबईच.

मी शेजारीण आहे. रोज ओरडणं ऐकू येतं. काय करू?

संरक्षण अधिकाऱ्याला कळवा. कलम ४ प्रमाणे कोणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. ती एकटी असताना, विहिरीवर किंवा मासळी बाजारात, तिला विचारा की तिला काय हवं आहे. तिने नाही म्हटलं तर रागावू नका. पुन्हा विचारा. आणि तुमच्या घरी तिची एक पिशवी ठेवून घ्या.

पिशवीत काय असावं?

आधार आणि रेशन कार्डाची प्रत, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो किंवा दाखला, पासबुक, औषधं, एक साडी किंवा ड्रेस, मुलांचे कपडे, एसटीपुरते पैसे, आणि जवळच्या चार जणांचे नंबर कागदावर लिहून. मोबाइल हिसकावला गेला की पाठ असलेला नंबर एकही आठवत नाही. स्त्रीधन उचलून नेता आलं नाही तर जीव टाकू नका, ते परत देण्याचा आदेश कोर्ट करतं. कपाटातल्या पाटल्यांसाठी परत आत गेलेल्या बायकांना मी ओळखते.

आदेशाची प्रत कुठे ठेवू?

चार प्रती काढा. एक तुमच्याजवळ, एक माहेरी, एक पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या कागदावर पोच घ्या, एक मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे. मोबाइलमध्ये फोटो ठेवा. गावच्या पोलीस पाटलांनाही एकदा दाखवून या. संरक्षण आदेशाला मुदत नसते, तुम्ही स्वतः अर्ज करून तो उठवून घेईपर्यंत तो लागू राहतो. नवरा पाच वर्षांनी गणपतीला मुंबईहून दारू पिऊन आला, तरी हाच कागद चालेल.